वेरूळजवळच्या वस्तीवर पाच दिवस नाच, आणि फोटो एकबी नाय

गारखेड्यात आमचं घर तिसऱ्या मजल्यावर हाय, आणि मला एका जागी बसवत नाय. सकाळी गॅलरी, मग स्वयंपाकघर, मग पुन्हा गॅलरी. सून म्हणती, आत्याबाई, तुमच्या पायाला भिंगरी लागलीया. लागलीच हाय. शेतातलं माणूस शहरात आणून वर चढवून ठेवलं की पाय कुठं जाणार.

तर दिवाळी झाली, गारठा पडायला लागला, आणि माझा मुलगा दिलीप एका रविवारी माझ्याजवळ येऊन बसला. तो जवळ येऊन बसला की काहीतरी काम असतं. त्याची मुलगी, म्हणजे माझी नात मयूरी, पुण्याच्या एका नाचाच्या कंपनीत हाय. कंपनी म्हणजे कारखाना नाय. दहा-बारा नाचणारी माणसं, थेटरात तिकीट लावून कार्यक्रम करतात, आणि वर्षातले काही महिने खेड्यापाड्यांच्या शाळांत जाऊन पोरांना नाच शिकवतात. एका शाळेत पाच दिवस मुक्काम, मग दुसरी शाळा. मयूरीला त्यांनी आजवर तात्पुरतं धरलं होतं, आता विचारत होते की वर्षभर येती का. दिलीपच्या मनात तिनं बँकेची परीक्षा द्यायची होती. दोघं बापलेक दोन महिने एकमेकांशी नीट बोलत नव्हते. मीठ पाहिजे असलं तरी माझ्याकडून मागायचे.

दिलीप म्हणाला, "आई, या वेळी त्यांचा वर्ग वेरूळजवळ हाय. तू जा तिच्यासोबत. पाच दिवस डोळ्यांनी बघ. पोरीनं हे करावं का नाय, ते येऊन मला सांग. तू म्हणशील ते फायनल."

मला लई आनंद झाला. पण मी जन्मात कशाला फायनल म्हणलेलं नाय. माझं लग्न, शेताची वाटणी, गारखेड्यात येणं, सगळं दुसऱ्यांनी ठरवलं. त्या रात्रीपासून मी पिशवी भरायला घेतली, जायचं होतं आठ दिवसांनी. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुडघ्याचं तेल, दोन लुगडी, एक स्वेटर. भरायची, काढायची, पुन्हा भरायची.

ज्यांना वेरूळला जायचंय त्यांच्यासाठी सांगते. गारखेड्यातून शेअर रिक्षानं मध्यवर्ती बसस्टँड. तिथून कन्नडकडं जाणारी कुठलीबी गाडी वेरूळला थांबती. बायांना अर्धं तिकीट, आधार कार्ड जवळ ठेवा. खिडकी उजवीकडची घ्या म्हणजे दौलताबादचा किल्ला दिसतो. का डावीकडची? जाताना उजवीकडं होता असं मला वाटतंय, पण मी मध्येच जागा बदलली होती.

आमच्यासोबत सोमवारी सकाळी गाडीत इरफान होता. हा आपल्या शहरातलाच, ढोलक वाजवतो, कंपनी इकडं आली की त्याला बोलावती. चाळिशीचा माणूस, दाढी मेंदीनं रंगवलेली. ढोलक मांडीवर घेऊन बसला होता. कंडक्टरनं ढोलकाला तिकीट लागंल म्हणून त्याची चेष्टा केली, तर इरफान म्हणला, बच्चा हय साब, पाँच साल से छोटा. छावणी गेली, मिटमिटा गेलं, मी तीनदा उठून दाराकडं बघून आले. इरफान म्हणला, "अम्मा, नक्को उठो, गिर जाते तुम. वेरूळ भागके नय जारा." मयूरी खिडकीला डोकं लावून बसली होती. तिचा पाय सारखा हलत होता. मी हात ठेवला गुडघ्यावर, तर माझ्या हाताखालीबी हलायचा थांबंना. हे पोरीनं कुणाकडून घेतलंय ते मला माहीत हाय.

दौलताबादच्या जुन्या वेशीपाशी गाड्या तुंबल्या होत्या. पेरूवाली खिडकीशी आली. घ्या पेरू, तिथले चांगले असतात, पण मीठ-तिखट लावून मागा. मग घाट, मग खुलताबाद, मग वेरूळ. देवळाच्या बाजूला एका घरगुती लॉजवर आमची सोय होती. खोल्या साध्या, गरम पाणी सकाळी बादलीनं मिळतं, जेवण शेवभाजी आणि भाकरी, तिखट झेपत असंल तर.

तिथं पुण्याहून नंदिताताई येऊन थांबल्या होत्या. कंपनी त्यांनीच काढलेली. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, बसल्या तरी पाठ सरळ. मला नमस्कार केला आणि म्हणल्या, आजी, तुम्ही आमच्या परीक्षक ना? म्हणजे मयूरीनं त्यांना सगळं सांगून टाकलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शाळा वेरूळपासून आत, डोंगराच्या अंगाला, एका वस्तीवर. जीपवाला नेऊन सोडतो, रस्ता निम्मा डांबरी आणि निम्मा देवाच्या भरवशावर. वस्तीवर थोडी घरं शेतकऱ्यांची, थोडी मेंढरंवाल्या धनगरांची. शाळेला दोन खोल्या, एक गुरुजी, चौतीस पोरं. अंगणात मुरूम, आणि मुरमात काटे. नंदिताताईंनी पुण्याहून एक काळी चटई आणली होती, रबरासारखी, गुंडाळी करून. पाय घसरू नये म्हणून नाचणारे ती अंथरतात. अंथरली, आणि पोरांना म्हणल्या, या. एकबी पोर येईना. सगळी चपला काढून चटईच्या कडंनं गोल बसली, हाताची घडी घालून. मला कळलं. नवी कोरी चटई म्हणजे पाहुण्यांची, तिच्यावर पाय द्यायचा नाय, हे आमच्याकडं पोरांना सांगावं लागत नाय. मग मीच उठले आणि चटईवर जाऊन उभी राहिले. माझ्या मागं एक पोरगी आली, तिच्या मागं बाकीची.

ती पोरगी काजल. सहावीतली, धनगराची, हडकुळी, मान लांब. तिच्याकडं लक्ष ठेवा, पुढं काम हाय.

नाचाचे हे लोक मोजतात कसं ते मला आधी माहीत नव्हतं. सुरू करताना एकपासून मोजत नायत. पाच, सहा, सात, आठ, असं म्हणायचं आणि मग सुरू करायचं. गुरुजी मला हळूच म्हणले, पहिलीच्या पोरांना मी सहा महिने एक म्हणायला शिकवलं, ते यांनी एका तासात पुसलं. पण मयूरीचं शिकवणं बघून मला बरं वाटलं. ती पोरांना आधी काही शिकवत नाय. विचारती, तू सकाळपासून काय केलंस, ते बोलू नको, करून दाखव. कुणी पाणी शेंदलं, कुणी शेण भरलं, एकानं नुसतं झोपून दाखवलं. त्यातूनच ती नाच उचलती. घरात चहा उतू जाईपर्यंत मोबाईल बघणारी पोरगी तिथं चौतीस पोरांची नावं अर्ध्या दिवसात पाठ करून बसली.

आणि शाळा सुटताना तिनं चूक केली. तिच्याजवळ कंपनीचे छापील कागद होते, वर शिक्का, खाली सहीची जागा. कंपनीचा नियम हाय की आई-बापाची परवानगी असल्याशिवाय पोरांचे फोटो काढायचे नाय. नियम चांगला हाय. मयूरीनं एकेक कागद हातात दिला आणि सांगितलं, घरून सही नाहीतर अंगठा आणा.

मंगळवारी सात पोरं आली. सात. गुरुजी वस्तीवर चक्कर मारून आले, म्हणले कुणाचं पोट दुखतंय, कुणाला मावशीकडं जायचंय. चौतीसपैकी सत्तावीस पोरांना एका रात्रीत मावशी आठवली. त्यात त्या दिवशी पोरांना लेणी दाखवायचं ठरलेलं. नंदिताताईंना शंकराच्या नाचाच्या मूर्ती दाखवायच्या होत्या. सात पोरं जीपमध्ये घालून आम्ही लेण्यांच्या फाटकाशी गेलो, तर पहारेकरी म्हणला, मंगळवारी लेणी बंद असतात. मला सांगायची लाज वाटती, मी इतकी वर्षं याच जिल्ह्यात राहती, मलाबी आठवलं नाय. तुम्ही जाताना लक्षात ठेवा. मंगळवार सोडून जा.

फाटकाबाहेर उसाचा रस पिऊन आम्ही परत फिरलो. नंदिताताई मयूरीला म्हणल्या, गुरुवारपर्यंत पोरं आली नाहीत तर सामान बांधायचं, रिकाम्या अंगणात शिकवून उपयोग नाही. मयूरीचं तोंड एवढंसं झालं. माझ्या डोक्यात कालपासून एक गोष्ट वळवळत होती. माझं माहेर बिडकीनकडचं. माझ्या चुलत्यानं एकदा कुणीतरी पुढं केलेल्या कागदावर अंगठा दिला होता, विहिरीचा कागद म्हणून. तो विहिरीचा नव्हता. पुढची अकरा वर्षं चुलता कोर्टात चपला झिजवत होता. आमच्या घरात त्यानंतर पाव्हण्याला चहा मिळायचा, अंगठा नाय.

मी मयूरीला म्हणलं, चल.

कापसाची वेचणी चालली होती, सगळ्या बाया रानात. आम्ही बांधानं गेलो. काजलची आजी कौसाबाई तिथं वेचत होती, स्वतःची मेंढरं असून दुसऱ्याच्या रानात रोजानं. माझ्याच वयाची, पण काठीसारखी ताठ. मी पदराची ओटी बांधली आणि तिच्या शेजारच्या ओळीला लागले. बोंडातून कापूस काढायचं हात विसरत नायत, पण कंबर विसरती. निम्मी ओळ झाल्यावर कौसाबाईच म्हणली की शहरातल्या बाईच्या मानानं बरं वेचतीस. मग मी विषय काढला. आणखी चार-पाच बाया जवळ सरकल्या.

कौसाबाईनं कमरेच्या पिशवीतून तो कागद काढला. घडी घालून घालून मऊ झालेला. मयूरीच्या हातात दिला.

"वाच. सगळं वाच, गाळू नको."

मयूरीनं वाचलं. माझ्या पाल्याची छायाचित्रे व चित्रफिती कोणत्याही माध्यमात, कोणत्याही कारणासाठी, कायमस्वरूपी वापरण्याचे सर्व हक्क मी संस्थेस देत आहे. वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला.

"सगळे हक्क. कायमचे," कौसाबाई म्हणली. "आता पोरगी सातबाऱ्यावर चढवायची तेवढी राहिली."

"पोरीचे नाही हो आजी, फोटोचे हक्क."

"फोटोत कोण हाय मग? म्हैस?"

बाया हसल्या. मयूरी हसली नाय. कौसाबाईनं हातातलं बोंड सोडलं आणि तिच्याकडं नीट बघितलं.

"तू दिलाय का असला कागद त्यांना?"

मला वाटलं पोरगी नाय म्हणंल. तिनं खाली बघितलं. "दिलाय. मीपण न वाचताच सही केली."

माझ्या हातातला कापूस तिथंच राहिला. दिलीपला हे सांगितलं तर तो दुसऱ्या दिवशी तिला घरी घेऊन येईल, हे मला उभ्या उभ्या दिसलं. तो कागदाला माझ्यापेक्षा जास्त भितो.

मयूरी म्हणली, "फोटो काढणारच नाही आम्ही. एकही नाही. सगळे कागद मला परत द्या. पण पोरांना पाठवा."

"आणि तुझ्या वरच्या बाईला?"

"त्यांना मी सांगते."

"सांगती म्हणजे अजून सांगितलं नाय," कौसाबाई म्हणली, आणि पुन्हा वेचायला वाकली. व्हय म्हणली नाय, नाय म्हणली नाय. जाताना एवढंच बोलली की ओटी भरल्याशिवाय रानातून जायचं नसतं. म्हणून मयूरीनंबी वेचलं, दिवस कलेपर्यंत. तिची नखं बोंडाच्या टोकांनी ओरबाडून निघाली.

बुधवारी सकाळी पोरं आली. सगळी नाय, पण एकोणतीस. काजल सगळ्यात पुढं, दप्तरात सगळ्यांचे सही-अंगठा नसलेले कागद गोळा करून आणलेले. मी उड्या मारायची तेवढी राहिले होते. आम्ही लेण्यांना गेलो, आता उघडी होती. पोरांना तिकीट नाय, मोठ्यांना हाय. सोळा नंबरचं लेणं सकाळी बघा, ऊन तिरपं येतं आणि भिंतीवरची माणसं हलल्यासारखी दिसतात. मी तिथं तरुणपणी एका वऱ्हाडाबरोबर गेले होते, तेव्हा कडेवर दिलीप होता आणि तो रडत होता, म्हणून मला लेण्यातलं फक्त त्याचं नाक पुसलेलं आठवतं. या वेळी मी सगळं बघितलं. पायऱ्या चढले, उतरले, गुरुजी म्हणले आजी दमानं. शंकराची नाचणारी मूर्ती एका जागी हाय, गुडघा वाकवलेला, हात सगळीकडं. पोरं बघून पुढं गेली. काजल थांबली. तिनं मूर्तीसारखा गुडघा वाकवला, मग मान हलवली, जमंना म्हणून नाय, पटंना म्हणून. मयूरीला म्हणली, ताई, हा देव जागेवरच नाचतोय, मला चालावं लागतं.

मयूरी म्हणली, कसं चालतीस ते दाखव.

तिथं, देवासमोर, दगडी अंगणात, काजलनं मेंढरं वळवून दाखवली. मेंढराला मागून हाकललं तर ते पांगतं, म्हणून ती मागं राहत नाय. बाजूनं चालती, हळू, मेंढराकडं न बघता. चालता चालता थांबती, एक हात वर करती, आणि एक पाऊल आत टाकती. एवढंच. तोंडानं हुर्र असा बारीक आवाज. इरफाननं ढोलक आणलं नव्हतं, तरी त्याची बोटं मांडीवर वाजायला लागली. नंदिताताई चष्मा काढून बघत होत्या. मला म्हणल्या, हे मला वीस वर्षांत कुणी शिकवलं नाही.

त्या एवढ्या खूश होत्या म्हणूनच मयूरीनं चहाच्या वेळी लॉजच्या व्हरांड्यात फोटोचं सांगितलं. मी तिथंच होते, शेंगा सोलत. नंदिताताईंचा आवाज चढला नाय, उलट उतरला, आणि ते वाईट असतं. त्या म्हणल्या, माझ्या वतीनं माझ्याशिवाय शब्द कसा दिलास. शुक्रवारी या वर्गाला पैसा पुरवणाऱ्या कारखान्याचे साहेब येणार, सोबत फोटोवाला. फोटोशिवाय त्यांचा अहवाल होत नाही आणि अहवालाशिवाय जानेवारीतली पैठणकडची शाळा होत नाही. उद्या जाऊन आयांना पुन्हा विचार. मयूरी म्हणली, विचारणार नाही. नंदिताताई म्हणल्या, मग तुझ्या वर्षभराच्या कामाचा मला विचार करावा लागेल.

खरं सांगायचं तर माझ्या मनात आलं, बरं झालं. कंपनीच नको म्हणली तर मला काही ठरवायलाच नको. दिलीपचं होऊन जाईल आणि मी गॅलरीत जाऊन बसंन. पण मला बसवंना. शेंगांची टरफलं एकीकडं आणि दाणे एकीकडं टाकायचे, मी सगळं एकत्र केलं होतं, ते पुन्हा निवडत बसले. मयूरी देवळापर्यंत जायची, परत यायची, पुन्हा जायची. मी तिच्या मागं, चार पावलं अंतर ठेवून. फुलंवाल्या बाईनं तिसऱ्या फेरीला विचारलं, मावशी, काही हरवलं का?

गुरुवारी दिवसभर सराव. मुरमातला काटा माझ्या टाचेत गेला, इरफाननं सुईनं काढून दिला. दुपारी मयूरी नंदिताताईंकडं गेली आणि म्हणली, मी सही केलेला माझा कागद मला बघायचाय. त्यांच्या मोबाईलमध्ये होता. त्यांनी काढला आणि आधी स्वतःच वाचला, उन्हात उभं राहून, दोन वेळा. मग तिला वाचायला दिला. मला कळलं नाय दोघींत काय चाललंय. नंदिताताई एवढंच म्हणल्या की हा कागद वकिलानं कुठून तरी उतरवून दिला होता आणि आजवर कुणी विचारलं नव्हतं. मोबाईल पर्समध्ये टाकला आणि पाच, सहा, सात, आठ म्हणत चटईवर गेल्या. वर्षभराच्या कामाचं त्या काही बोलल्या नाय.

शुक्रवार. यांच्या शेवटच्या दिवसाची पद्धत अशी की स्टेज नाय, हार नाय, नारळ नाय. आई-बापांनी यायचं, आणि पोरांनी त्यांना शिकवायचं. गुरुजींना हे काही पटलं नव्हतं, त्यांनी चार खुर्च्या आणि एक शाल आणून ठेवलीच होती. साहेब दहाला आले. चांगला माणूस होता, पोरांना बिस्किटं आणली होती. खुर्चीवर बसले. फोटोवाल्यानं कॅमेरा बाहेर काढला आणि काजलच्या तोंडासमोर धरला. काजल जिथं होती तिथंच थांबली, रस्त्यात गाडी समोर आल्यावर मेंढरू थांबतं तशी.

मयूरी चटईवरून उतरली. "सर, फोटो नाही काढायचे. मी आयांना शब्द दिलाय."

साहेबांनी तिच्याकडं बघितलं, मग नंदिताताईंकडं. "या कोण?"

मी खुर्चीची पाठ धरली होती. नंदिताताई चटईच्या पलीकडं उभ्या होत्या.

"या वर्गाची प्रमुख तीच आहे," त्या म्हणल्या. "ती म्हणेल तसं."

साहेबांना ते आवडलं नाय. अहवालात काय लावायचं, असं म्हणले. नंदिताताई म्हणल्या, तुम्ही स्वतः बघा आणि लिहा. फोटोवाल्यानं कॅमेरा पिशवीत घातला आणि शाळेच्या भिंतीला टेकून बिस्किट खायला लागला.

बाया अकराला आल्या, रानातून तशाच, कमरेला कापसाची ओटी. कौसाबाई सगळ्यात मागं. तिनं आधी फोटोवाल्याची पिशवी बघितली, बंद हाय का ते. मग चपला काढल्या. इरफाननं ढोलक धरलं. पोरांनी आयांना हाताला धरून चटईवर ओढलं, चटई पुरंना, निम्म्या मुरमात. पाणी शेंदलं, कापूस वेचला, आणि शेवटी मयूरीनं काजलला पुढं केलं. बाकी सगळी मेंढरं. मी मेंढरू, गुरुजी मेंढरू, साहेबांना एका बारक्या पोरीनं खुर्चीवरून उठवून आणलं, ते पण मेंढरू. ऐंशीएक माणसं एकमेकांना चिकटून अंगणात फिरत होती. काजल बाजूनं चालली. आमच्याकडं बघितलंबी नाय. थांबली. हात वर केला. एक पाऊल आत टाकलं.

आणि आम्ही वळलो. कुणी सांगितलं नाय, कुणी मोजलं नाय. सगळं अंगण वळलं. माझ्या शेजारी कौसाबाई होती, ती म्हणली, "एवढं मला तिनं कधी वळवलं नव्हतं." तिच्या ओटीतला कापूस सांडत होता आणि ती उचलत नव्हती.

संध्याकाळच्या गाडीनं आम्ही परत आलो. निघताना नंदिताताईंनी मयूरीला सांगितलं की वर्षभराचं काम तुझं, पैठणची शाळा होईल का ते साहेबांवर हाय, आणि कागद आता तूच लिही, पाच ओळींचा, कौसाबाईला वाचून दाखवता येईल असा. मयूरीनं तो गाडीतच लिहायला घेतला. मी त्या प्रवासात एकदाबी उठले नाय. दमले होते.

या लेखात फोटो नाय, हे तुम्हाला कळलंच असंल. माझ्या मोबाईलमध्ये लेण्यांचे दोन हायत, पण त्यात पोरं आलीत, म्हणून लावले नाय. काय उरलं म्हणाल, तर टाच अजून दुखती. कापसाचा एक पुंजका पिशवीच्या तळाशी निघाला. पोरीनं स्वतःची चूक बायांसमोर कबूल केली ते उरलं, मला तिच्या वयात जमलं नसतं. आणि वेरूळला जा, पण नुसती लेणी बघून परत येऊ नका, आजूबाजूला माणसं राहतात.

शनिवारी सकाळी दिलीप सुट्टीवर होता. चहा घेऊन माझ्यासमोर बसला. मयूरी गॅलरीत कपडे वाळत घालत होती, म्हणजे एकच ओढणी पाच मिनिटं झटकत होती. मी त्याला आधी कागदाचं सांगितलं, तिनं न वाचता सही केलेली, तेसुद्धा. लपवायचं नाय असं मी गाडीत ठरवलं होतं. त्याचं तोंड कडू झालं. मग बाकीचं सांगितलं. तो म्हणला, फोटो दाखव. मी म्हणलं, नाय. म्हणला, व्हिडिओ तरी. मी म्हणलं, तोबी नाय.

"मग मी बघू काय, आई?"

मी उठले. म्हणलं, हो बाजूला, जागा कर. त्यानं टीपॉय भिंतीला सरकवला. मी म्हणलं, आता तू मेंढरू. तो म्हणला, काहीतरीच काय. पण उभा राहिला, बनियनवर, हातात चहाचा कप. मी त्याच्या मागं गेले नाय. बाजूनं चालले, त्याच्याकडं न बघता, सोफ्यापासून टीव्हीपर्यंत. थांबले. हात वर केला, खांदा दुखला. एक पाऊल आत टाकलं.

दिलीप वळला. वळल्यावर समोर गॅलरीच्या दारात मयूरी, ओढणी हातात. दोघं एकमेकांसमोर आले, आणि आता कुणालाच बाजूला जायला जागा नव्हती.

"तो कागद," दिलीप म्हणला, "नवा लिहिलाय म्हणं. आण बरं. मी वाचतो."